रेषा मी मोजल्या होत्या

"सवलतीच्या मार्कांनी रेषा दिसत नसतात," सर म्हणाले. प्रयोगशाळेत आम्ही सहाजण होतो. पाच हसले. सहावी मी.

दोन अणूंच्या रेणूचा प्रकाश फोटोच्या काचेवर घ्यायचा आणि त्यातली एकेक रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, हे माझं काम. त्यावरून दोन अणूंमधलं अंतर निघतं. जगभर मोजलेले असे आकडे एका जाडजूड संदर्भग्रंथात असतात. आमच्याकडं तो कपाटात, कुलपात. सरांचा लाडका विद्यार्थी आकडे वाचायचा, मी उतरवून घ्यायची. ग्रंथाला हात लावायचा नाही. माठातलं पाणीसुद्धा तोच वरून ओतायचा. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

माझे आकडे ग्रंथातल्यापेक्षा थोडे कमी निघाले, म्हणून तो टोमणा. औरंगपुऱ्यातल्या खोलीवर येऊन मी ढसाढसा रडले. सांगणार कुणाला? आईला कळवावं तर ती म्हणणार, निघून ये. अख्ख्या शहरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस नव्हतं.

तीन दिवस पुन्हा मोजलं. आकडे तेच. सगळ्या रेषा एकाच बाजूला सरकलेल्या, जवळजवळ सारख्याच. माझे डोळे चुकले असते तर एक इकडं गेली असती, एक तिकडं. माझ्या मोजणीवरची आकडेमोड लाडकाच करायचा. मग त्याची वही उघडली. आम्ही तरंगलांबी हवेत मोजायचो. ग्रंथातले आकडे निर्वातातले, म्हणून किंचित जास्त. मधली दुरुस्ती त्यानं केलीच नव्हती. मी केली. आकडे चोख जुळले.

सरांनी पाहिलं. माफी नाही. लेख तयार झाला, नावं दोन. त्यांचं आणि लाडक्याचं. शेवटी बारीक अक्षरात, मोजणीस साहाय्य केल्याबद्दल 'एका विद्यार्थिनीचे' आभार. मला नावच नव्हतं जणू. फार संताप आला.

पुढच्या लेखासाठी त्यांना माझी मोजणीची वही हवी होती.

"वही टेबलावर ठेव."

"नाव लावा, मग न्या."

"तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे. कळतंय ना?"

त्यांच्यासमोर मी नेहमी पुस्तकी बोलायची. त्या दिवशी गावाकडचंच तोंडात आलं. "व्हय सर, कळतंय. वही मिळायची नाय."

त्यांनी सही केली नाही. मी वही दिली नाही. आता दुसरा मार्गदर्शक शोधेन. नाही मिळाला, तर एकटी लिहीन. वर्षं जातील, जाऊ देत. पण यापुढं मी मोजलेली एक रेषासुद्धा माझ्या नावाशिवाय छापू देणार नाही.