फौजी जीपचा स्विच

मित्रांनो, आज वाळूजच्या माझ्या गॅरेजात मी नको तिथं हसलो.

आम्ही दुरुस्त केलेल्या जुन्या फौजी जीपचे दिवे परवापासून लागत नव्हते. सगळं वायरिंग उसवून पुन्हा जोडलं, तरी दोष सापडला नाही.

परवा ही जीप बघायला आलेले सिल्लोडचे रहीमचाचा आज परत आले. फौजेत ते अशीच जीप चालवायचे. त्यांनी स्टिअरिंगखालचा, आम्ही निकामी समजलेला एक स्विच फिरवला आणि दिवे लागले.

"परवा बसलो तवा मीच बंद केला असंल," ते म्हणाले. "सरहद्दीवर दिवे बंद करूनच जायचं. हाताला सवय हाय."

मी हसलो. "आता कशाची भीती, चाचा?"

"माझ्या मागच्या गाडीनं एकदा दिवे लावले होते. ती पोचलीच नाय."

उतरताना त्यांचा हात पुन्हा स्विचकडं गेला. दिवे विझले. मी ते लावले नाहीत. तुम्ही लावले असते?