टोपलीचं बूड

तेरेईला आमच्या अमुरी गावात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला 'टोकोरोआ' म्हणतात. न्यूझीलंडातल्या त्या गावी लाकडाच्या गिरणीत त्याने एकतीस वर्षं काढली. बायको गेली, तसा साठीला टेकलेला हा गडी बोजाबिस्तरा उचलून आयतुताकी बेटावर परत आला आणि थोरल्या बहिणीच्या, तेपाएरूच्या ओसरीवर बसला. बसला म्हणजे काय, बसायचं कुठे येत होतं त्याला! पहाटे पाचला भोंगा झाल्यासारखा ताडकन उठायचा, अंगण झाडायचा, झाडलेलं पुन्हा झाडायचा. कोंबड्यासुद्धा वैतागल्या.

"अरे बाबा, कुठंतरी कामाला लाग," तेपाएरू म्हणाली, "आणि दुसऱ्या कुणाचा तरी जीव खा."

म्हणून तो किनाऱ्यावरच्या हॉटेलात गेला. तिथली मॅनेजर जॅनेल ऑस्ट्रेलियाची, नवीनच आलेली. तिने त्याची ढेरी पाहिली, पांढरी दाढी पाहिली, कानावरचं फूल पाहिलं आणि तिला वाटलं, हाच तो. हल्लीच्या पाहुण्यांना नुसतं उन्हात लोळायचं नसतं, सुट्टीत काहीतरी शिकून जायचं असतं. नारळ सोलता येतो? येतो. उकुलेली? वाजवतो की. झावळीची टोपली? त्यात काय मोठं! एका दमात तीन थापा. अहो, सतराव्या वर्षी बेट सोडलेला माणूस हा. तोवरही बापाने कामाला हाक मारली की हा पोहत पलीकडे. आणि तिकडे जन्मभर नारळाचं दूध खाल्लं ते डब्यातलं!

तेव्हापासून तेपाएरूकडे त्याची शिकवणी सुरू झाली. उद्या सकाळी जे पाहुण्यांना शिकवायचं, ते आज दुपारी चारला बहिणीकडून शिकायचं. सोमवारच्या वर्गाची पंचाईत व्हायची, कारण रविवारी तेपाएरू देवळाशिवाय कशाला हात लावत नाही. मग शनिवारी शिकलेलं सोमवारपर्यंत डोक्यात टिकवताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा.

तेपाएरू शिकवायची म्हणजे "बघ" एवढंच म्हणायची. हा खिशातून गिरणीतली मोजपट्टी काढायचा.

"पाती किती घ्यायची? मधलं अंतर किती?"

"अंतर? टोकोरोआ, मासे ठेवायचेत टोपलीत, दार नाही बसवायचंय!"

तरी त्याचं निभलं. नारळ जमला, उकुलेलीवर तीन गाणी जमली. टोपलीचं मात्र अर्ध्यावर घोडं अडलं. झावळीचा दांडा उभा चिरून त्याचा गोल करायचा, तो काठ. पाती एक वर एक खाली घालत विणायची, ती बाजू. इथवर हात चालायचे. पण शेवटी दोन्हीकडची पाती एकत्र घेऊन घट्ट वेणी घालत बूड बंद करायचं, तिथे सगळा गुंता.

"मुलीची वेणी कधी घातली नाहीस का रे?" तेपाएरूने एकदा विचारलं.

"माझी पाळी असायची गिरणीत," तो म्हणाला, आणि उठून अंगण झाडायला लागला.

मग त्याने युक्ती काढली. दर गुरुवारी टोपल्यांच्या वर्गात बुडापर्यंत आलं की हा घड्याळ बघायचा. "वेळ संपली! बूड मी आवळून ठेवतो, उद्या न्या." सगळ्या टोपल्या बहिणीकडे यायच्या आणि ती बिचारी शिव्या घालत बारा-बारा बुडं बांधायची. पाहुणे खूश, जॅनेल खूश. तेरेई तेवढा आतून धास्तावलेला. पाय हलवायचा, दाढी खाजवायचा, आणि कुणी जुनं माणूस वर्गाजवळून गेलं की पाती उगाच वरखाली करत बसायचा.

अशात त्याच्या मुलीचा, अकैतीचा फोन आला. दहा दिवसांची सुट्टी काढून येतेय, त्याच हॉटेलात उतरतेय. "तू मास्तर झालायस म्हणे? मी बसणार हं तुझ्या वर्गाला."

फोन ठेवून तेरेई सरळ झाडू शोधायला लागला. कारण होतं तसं. अकैती चौदा वर्षांची असताना शाळेत समारंभ होता. ज्याने त्याने आपल्या बेटावरचं काहीतरी स्वतः बनवून आणायचं होतं. ती बापाकडे आली, "पापा, मला काहीतरी विणायला शिकव." हा नुकताच पाळीवरून आलेला. "दमलोय गं, आईला विचार," म्हणाला. आई टोकोरोआतच जन्मलेली, तिला कुठून येणार? पोरगी दुकानातल्या प्लास्टिकच्या फुलांचा हार घालून गेली आणि पोरांनी तिला रडवलं. त्यानंतर तिने बापाला कधी काही विचारलं नाही. आता ती तेहेतिसाची होती.

बुधवारी त्याने चारपासून अंधार पडेपर्यंत नऊ वेण्या घातल्या. नऊच्या नऊ सुटल्या.

गुरुवारी चटईवर अकरा पाहुणे बसले होते. सगळ्यात पुढे लोर्नाबाई, ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या. त्यांनी आठवडाभर एकही वर्ग चुकवला नव्हता. अकैती एकदम मागे बसली. तेरेईने दांडा चिरला, मोजपट्टी लावून काठ वळवला. "एक वर, एक खाली." आवाज खणखणीत, कानावर फूल. पाहुणे फोटो काढत होते. अकैती विणत नव्हती, नुसती त्याच्या हातांकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू आवळत चालला.

बूड आलं. त्याने घड्याळ पाहिलं. "वेळ सं..."

"अजून वीस मिनिटं आहेत," लोर्नाबाई म्हणाल्या. "मला बूडसुद्धा शिकायचंय."

"ते अवघड असतं हो बाई. मी घालून ठेवतो."

"इतकं छान येतं तुला?" मागून अकैती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे वळले. "नारळ, गाणी, टोपल्या. सगळं येत होतं? आणि घरी मात्र दमायचास? या लोकांना शिकवतोस, पापा. मी काय घोडं मारलं होतं तुझं?"

तेरेईचे हात थांबले. कडेला जॅनेल हाताची घडी घालून उभी होती. मुलीला तसंच समजू दिलं असतं तर नोकरी टिकत होती, गावात अब्रूही राहत होती. फक्त पोरीच्या लेखी तो आयुष्यभर असा बाप राहिला असता, ज्याला येत होतं आणि ज्याने दिलं नाही. कपाळावरून घाम गळून विणीवर पडला.

"नव्हतं येत," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"काहीच येत नव्हतं मला. आदल्या दिवशी तुझ्या आत्याकडून शिकतो आणि दुसऱ्या दिवशी इथे येऊन मिरवतो. आणि हे बूड... हे अजूनही येत नाही. यांच्या सगळ्या टोपल्या तीच बांधते. त्या दिवशी दमलो होतो हे खरं होतं, पण येत नाही म्हणायची लाज वाटली गं."

जॅनेलने हाताची घडी सोडली. लोर्नाबाई म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. मुरलेला माणूस इतकं मोजत नाही."

अकैती उठली. तेरेईला वाटलं, चालली. ती पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत पुढे आली आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"काल कुठे अडलास?"

"इथे. ही तीन पाती घेतली की चौथं कुठलं धरायचं, तेच कळत नाही."

तिने टोपली मांडीवर ओढली, पाती चाचपली, एक ओढून बघितलं. "अरे, ही तर साधी वेणी आहे. दर वळणाला बाजूचं एक पातं आत घ्यायचं. शाळेत जायच्या आधी आई रोज घालायची मला अशी." तिची बोटं चालायला लागली. चारपाच वळणं घट्ट बसली, तशी तिने टोपली परत त्याच्या मांडीवर ठेवली. "आता तू घाल. आणि मोजू नकोस."

तेरेईने पाती धरली. त्याची जाडजूड बोटं चुकली, तिने ती उचलून दुसऱ्या पात्यावर ठेवली. लोर्नाबाईंनी आपली टोपली पुढे सरकवली आणि त्यांच्याकडे बघत विणायला लागल्या. वेळ संपून गेली होती. तेरेईचा एरवी सारखा हलणारा पाय थांबला होता.