हिरव्या औषधाचा लाल रंग

२००६ साली मी दिग्रसच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा सत्यभामाबाई तिथे प्रयोगशाळा परिचर होत्या. शिक्षण दहावी. काम काचसामान धुण्याचं आणि बाटल्या पुसण्याचं. पण एखाद्या पोराच्या नळीत रंग चुकला की ते माझ्याआधी त्यांना कळायचं. "यानं नळी नीट धुतली नाई मॅडम," त्या हळूच सांगायच्या, आणि तसंच निघायचं.

कॉलेजच्या फाटकाशी जवळच्या तांड्यावरच्या बसंतीबाई सीताफळं विकायला बसत. एक दिवस त्या सत्यभामाबाईंजवळ रडल्या. दहा वर्षांची लेक रंजिता सारखी पोट धरून बसते, अंगात रक्त उरलं नाही, जंताच्या गोळ्यांनी काही फरक नाही. घरी काम काय चालतं, असं सत्यभामाबाईंनी विचारलं. दोन वर्षं कापसानं दगा दिला होता, म्हणून नवरा धनसिंग पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता.

सत्यभामाबाई तडक माझ्याकडे आल्या. "मॅडम, थे हिरवं औषध शिशानं लाल होते ना? मले शिकवा."

त्या औषधाचं नाव डायथिझोन. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं की गर्द हिरवं दिसतं. पाण्यात अमोनियाचे थेंब टाकायचे, हे औषध घालायचं आणि नळी हलवायची. शिसं असेल तर तळाचा हिरवा थर लाल होतो. आठवडाभर कॉलेज सुटल्यावर त्या शिकल्या, आणि शनिवारी औषधाची बाटली उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून आम्ही दोघी तांड्यावर गेलो.

सहा घरचं पाणी तपासलं. चार नळ्या लाल झाल्या. एकच गलका उठला. बायांनी भरलेल्या घागरी-बादल्या अंगणात ओतल्या. परतताना मी तहसीलदारांना लिहायच्या पत्राची वाक्यं जुळवत होते, सत्यभामाबाई मात्र मागे वळून त्या बादल्यांकडे पाहत होत्या.

सोमवारी त्यांनी घरून जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत बादली आणली. तिच्यात रविवारपासून नळाचं पाणी भरून ठेवलेलं होतं. माझ्यासमोर त्यांनी ते तपासलं. लाल.

"आपण चुकलो मॅडम. त्या चारी घरी अशाच बादल्या होत्या. जस्तानंही रंग येऊन राह्यला."

जस्तानंही हा रंग बदलतो, हे मी पदवीला शिकले होते आणि साफ विसरले होते. मी म्हटलं, "पुन्हा जाऊ, गुपचूप तपासू."

"गुपचूप कायले? आपल्या सांगण्यावरून लोकायनं पाणी ओतलं न."

त्यांनी तांड्यावर सगळ्यांसमोर उभं राहून चूक सांगितली. लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं धनसिंग हसला. "बाई, तुमचं औषध बादलीले भ्यालं!" त्याही हसल्या. मग प्लास्टिकच्या डब्याला दोर बांधून त्यांनी स्वतः तीन विहिरींतून पाणी काढलं. दोन नळ्या हिरव्याच राहिल्या. धनसिंगच्या भट्टीखालच्या विहिरीची लाल झाली. त्यांनी तिचं पाणी आणखी दोनदा काढलं. दोन्ही वेळा लाल.

धनसिंगचं हसू गेलं. "आता कोनती बादली चुकली? हे बंद करू तं आम्ही खाऊ काय?"

"थे मले नाई सांगता येत, धनसिंगभाऊ. मले रंगच दिसते. घ्या, नळी तुम्हीच हलवा."

त्यानं हलवली. उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिला. बसंतीबाई उठल्या आणि त्यांनी त्या विहिरीच्या रहाटावरचा दोर सोडून घेतला.

आम्ही नमुना यवतमाळला प्रयोगशाळेत पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट. रंजिताला नागपूरला नेलं. तिच्या रक्तातही तेच निघालं. उपचार लांबले, मध्ये एकदा तर बसंतीबाईंनी आशाच सोडली होती. पण पुढच्या जूनमध्ये पोरगी शाळेत जाऊन बसली. विहीर बंद झाली आणि बायांना दुसऱ्या विहिरीवरून पाणी आणायला लांब चालावं लागलं, दोन उन्हाळे. त्याबद्दल काही जणी सत्यभामाबाईंना बोलल्याही. त्यांनी ते ऐकून घेतलं.

धनसिंगनं भट्टी मोडली आणि तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाठी उचलायला लागला. वर्षभरानं तोच कॉलेजात आला. त्याचा मेहुणा दुसऱ्या तांड्यावर बॅटऱ्या फोडत होता. "बाई, तिकडंही चाला," म्हणाला.

सत्यभामाबाई परिचर म्हणूनच निवृत्त झाल्या. त्याआधीच्या चार उन्हाळ्यांत एसटीनं आणि पायी त्यांनी सतरा वस्त्यांचं पाणी तपासलं. प्रत्येक ठिकाणी नळी हातात घेण्याआधी त्या लोकांना सांगायच्या, "माह्यं चुकू शकते. म्हून हे पाणी यवतमाळलेही पाठवू."