बुडखा काढणारा माणूस

"बघू, मूळ काय म्हणतंय," असं म्हणून तो आधी उकिडवा बसायचा आणि वाळूवर तळहात सपाट टेकवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात ना, अगदी तसा. मग बराच वेळ काहीच नाही. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काम करायला आलाय की झोपायला!

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांना पाहून आधी आपला जीव वर-खाली होतो, आणि पुढे आपलीच लाज वाटते. मला अजून वाटते. आणि रागही येतो, तो काही वयाबरोबर कमी झालेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजात आम्ही एका जुन्या व्हिलात भाड्याने राहत होतो. अंगणात मोठा कडुनिंब होता. त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली म्हणून घरमालकाने झाड तोडायला लावलं. फांद्या नेल्या, खोड नेलं, आणि माणसं "खलास!" म्हणून निघून गेली. मागे राहिला बुडखा. आमच्या डायनिंग टेबलाएवढा, भर अंगणात.

त्या वर्षी गणपती शुक्रवारी येत होते, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. आपल्या मराठी मंडळींचा उत्सव आमच्या अंगणात करायचं ठरलं. गाजावाजा नाही, घराच्या भिंतीच्या आत, जेमतेम सत्तर माणसं. पण मंडप घालायचा तर बुडखा मधोमध! आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा होता. ते म्हणाले, "वहिनी, डोन्ट वरी. माझी माणसं अर्ध्या तासात काढतील."

त्यांची माणसं साखळी आणि पिकअप घेऊन आली. साखळी बांधली, "यल्ला, यल्ला" झालं, गाडी गुरगुरली आणि धाडकन आवाज आला. बघते तर पिकअपचा बंपर जमिनीवर आणि बुडखा जागच्या जागी! मशीन आणावं तर आमच्या फाटकातून आत शिरेना. तेव्हा कुठे सेक्रेटरींनी आपल्या कंपनीतला हा माणूस पाठवला.

पन्नाशीचा, काटकुळा. "कुठले हो तुम्ही?" मी हिंदीत विचारलं, तर म्हणाला, "देगलूरकडचा हाय माय. मराठीच बोला की." अकरा वर्षं गल्फमध्ये. घरी पूर्वी विहिरी खणायचा.

पहिल्या शुक्रवारी त्याने कुदळ उचललीच नाही. पाण्याची नळी लावली आणि बुडख्याभोवतीची वाळू भिजवत बसला. मी चिडले. "अहो, झाडाला पाणी घालायला बोलावलंय का तुम्हाला?"

"कोरडी वाळू आत ढासळते माय. ओली केली की भिंतीसारखी उभी राहते. उगं घाई करून काय करूलालाव?"

मग एकेक मूळ मोकळं करायचा. नळीने धुवायचा, अगदी बाळाचे पाय धुवावेत तसं, आणि मगच कुऱ्हाड. वाळूसकट घाव घातला तर धार जाते म्हणे. उजाडताना यायचा, ऊन डोक्यावर आलं की थांबायचा. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी त्याची, आणि असे चार शुक्रवार त्याने आमच्या अंगणात घालवले. मी चहा दिला की बशीत ओतून घ्यायचा आणि म्हणायचा, "गणपती कुठं बसणार? इथं? मग नीट काढाया पायजे."

शेवटच्या शुक्रवारी तर मी तोंडात बोट घातलं. एवढं धूड खड्ड्यातून बाहेर कसं येणार? त्याने पहारीने एक बाजू चार बोटं उचलली आणि खाली वाळू सारली. मग दुसरी बाजू, परत वाळू. असं करत करत तो बुडखा पायऱ्या चढल्यासारखा आपला आपण वर आला आणि खड्डा त्याच्याखालीच भरत गेला. माझी मुलगी कधी नव्हे ती टीव्ही सोडून बाहेर आली. "आई, हाऊ इज ही डुइंग दॅट?"

मी बक्षिसी पुढे केली, तर हात मागे घेतला त्याने. "नको माय. एक सांगू का? अकरा साल झाले, आरतीला उभा राहिलो नाही. यिऊ का?"

"येऊ का काय? याच! पहिल्या आरतीला!" मी म्हटलं.

सेक्रेटरींना फोन केला, यादीत बुडखा काढणाऱ्याचं नाव घाला. ते म्हणाले, "बघतो." आता "बघतो" म्हणजे काय, हे मला त्या वयात कळायला नको होतं? पण मी उकडीच्या मोदकांच्या पिठात अडकले होते. गप्प बसले. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही.

शुक्रवारी आरती झाली. टाळ्या, झांजा, सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं, कारण मोदकपात्र उतरवायचं होतं. मोदक घेऊन बाहेर आले आणि त्याला शोधू लागले. मुलगी म्हणाली, "आई, तो आला होता. व्हाइट शर्ट घालून. अंकलनी त्याला गेटवरच सांगितलं, लिस्ट फुल आहे, तू चपला बघ. यू प्रॉमिस्ड हिम, आई."

मी फाटकाबाहेर धावले. तो नव्हता. सत्तर माणसांच्या चपला-बूट भिंतीशी जोडीजोडीने लावलेले, टाचा आत, चवडे बाहेर, म्हणजे निघताना कुणाला वाकायला नको.

सेक्रेटरी मागून आले. "वहिनी, समजून घ्या. एकाला घेतलं की लेबर कॅम्पमधले पन्नास येतील. फॅमिली लोक आहेत इथे."

"त्याला फॅमिली नाही? आभाळातून पडलाय तो?" मी ओरडले. चार बायका वळून बघायला लागल्या. "खड्ड्यात उतरायला चालला, मंडपात नाही चालला? तुमच्या पायाखालची जमीन त्याने भरलीय, सेक्रेटरी!" ते हसले. हसले हो! "वहिनी दमल्यात," म्हणाले सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि औद्योगिक भागातल्या त्याच्या कॅम्पवर गेले, स्टीलच्या डब्यात एकवीस मोदक घेऊन. तो फाटकाशी आला. मला बघून त्यालाच संकोच झाला.

"गर्दी होती माय. कुणीतरी भाईर पायजेच की."

"अहो, चिडा ना माझ्यावर! शब्द दिला होता मी."

"आवाज येत होता भाईर," तो म्हणाला. "मी म्हटली समदी आरती. चपला लावता लावता." आणि दोन्ही हातांनी डबा घेतला. तेवढ्यात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. गेला.

आठवड्याने कंपनीचा पठाण ड्रायव्हर दारात. "वो तो उम्म अल कुवैन की साइट पे चला गया, बहनजी. उधर छुट्टी का कुछ पक्का नहीं." आणि त्याने माझा डबा पुढे केला. घासून लख्ख केलेला. हाताला जड लागला म्हणून उघडला, तर आत साखर, काठोकाठ. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. आम्ही शहाणी माणसं केव्हाच विसरलो होतो. बारा जणांच्या खोलीत चहाला जी साखर मिळत असेल, त्यातली ती.

मग तो मला कधीच दिसला नाही. साइटवर चौकशी केली, पुढे कुठेतरी पाठवला म्हणाले.

डबा परत आला त्याच संध्याकाळी सेक्रेटरी आले. पुढच्या वर्षीही तुमच्याच अंगणात करू, जागा आता छान सपाट झालीय, वगैरे वगैरे. खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "वहिनी, चहा होऊन जाऊ दे. माझ्यात दोन चमचे."

डबा आमच्या दोघांच्या मधे टेबलावर उघडाच होता.

"साखर नाहीये घरात," मी म्हटलं.