रूपसिंग नायकांची तालीम

ढाणकीजवळच्या तांड्यात रूपसिंग नायकांना विचारल्याशिवाय लग्नाची तारीखसुद्धा ठरत नाही. तांड्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा अ‍ॅडमिन तेच झाले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, तो असताना दुसरा कोण होणार? मोबाइल मात्र चालवायची त्यांची नात निकिता. ती मेसेज वाचून दाखवायची, हे खाटेवर बसून मान डोलवायचे.

दिवाळीच्या आधी तांड्यातल्या सुनीलने ग्रुपवर एका अडत्याचं नाव घेऊन लिहिलं, ‘याचा काटा खोटा आहे, सोयाबीन नेऊ नका’, आणि तो कामासाठी परगावी निघून गेला. अडत्याने अ‍ॅडमिनच्या नंबरवर मेसेज केला, पोस्ट काढा. निकिताने तो वाचला. सुनील खरंच बोलतोय असं तिला वाटलं. तिने पोस्ट राहू दिली आणि आजोबांना काही सांगितलं नाही. मग ठाण्यातून चौकशीचं बोलावणं आलं, तेव्हा तिने आजोबांना सगळं सांगितलं.

उमरखेडचे वकील म्हणाले, "नायक, दुसऱ्याच्या लिहिण्याला नुसता अ‍ॅडमिन जबाबदार नसतो. पण काढा म्हटल्यावर जाणूनबुजून ठेवलं, तर गोष्ट वेगळी. मला मोबाइल येत नाही, एवढं सांगा आणि मोकळे व्हा."

"मंग ते विचारतीन, कोणाले येते?"

निकिता पोलीस भरतीची तयारी करत होती; चौकशीत नाव आलं की भरती हुकली.

त्या संध्याकाळी नायक माझ्याकडे आले. आमच्या नाटक मंडळीचे पडदे, पेट्या एके काळी त्यांच्याच बैलगाडीतून गावोगाव जायच्या, दोस्ती तेव्हाची.

"भाऊ, तू जलमभर राजा झाला. मले एक दिवस अ‍ॅडमिन कर."

मी हसलो आणि तालमीला बसवलं. ग्रुप कुठे, जुना मेसेज कसा शोधायचा, बोट कुठे लावायचं. त्यांचं बोट जाड, माझी नजर अधू.

"हळू दाब नं. बैल हाकलून राह्यला काय?"

"तूच म्हनतो, मांगच्या रांगेले दिसलं पाह्यजे."

निकिता दारात उभी होती. आजोबांना ती दादाच म्हणायची. "दादा, मीच जाऊन सांगते ना."

"तू मैदानावर पळ. ठाण्यात मी बसतो."

ठाण्यात जमादाराने नायकांचाच मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. "ग्रुप दाखवा."

नायकांनी चष्मा लावला, ग्रुप उघडला, पोस्ट शोधून दाखवली. अडत्याचा मेसेजही दाखवला. एकदाही बोट चुकलं नाही. बाकावर बसलेल्या मला टाळी वाजवावीशी वाटली.

"म्हणजे पोस्ट काढायला सांगितलं, ते तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"आणि मुद्दाम ठेवली?"

हा प्रश्न मी तालमीत घेतलाच नव्हता. नायकांनी माझ्याकडे पाहिलं. ते रंगमंचावर असते तर मी विंगेतून वाक्य पुरवलं असतं. पण इथे कुठलं वाक्य पुरवणार? हो म्हटलं तर ते अडकणार, नाही म्हटलं तर मग कोणी ठेवली हे निघणार, आणि निकिता अडकणार.

"ठेवली," नायक म्हणाले.

जमादाराने ते लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली.

बसस्टँडवर टेकलो तोच मोबाइल वाजला. ग्रुपवर कोणी तरी काही तरी टाकलं होतं. नायकांनी पुन्हा चष्मा लावला.

"भाऊ, आता हे सारं मलेच वाचा लागते," ते म्हणाले. ढाणकीची एसटी समोर येऊन लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.