बटणांच्या कारखान्यातला डॉक्टर

आमच्या बटणांच्या कारखान्यात एक फिटर होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. मशीन कुरकुरायला लागलं की तो लांब पेचकस घेऊन यायचा, टोक मशीनच्या अंगाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मग सांगायचा, "डावीकडचं बेअरिंग गेलंय." उघडून बघितलं तर डावीकडचंच गेलेलं असायचं. सत्तावीस वर्षं त्याने ती मशीनं सांभाळली. बायको तिथेच, बटणं निवडायच्या टेबलावर. तिचा धाकटा भाऊ चकत्या कापायच्या मशीनवर; त्यालाही डॉक्टरनेच चिकटवलं होतं. दोन्ही बिऱ्हाडं एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड. इकडे ताटं मांडल्याचा आवाज झाला की तिकडची पोरं न बोलावता हजर.

एका सोमवारी आम्ही कामावर गेलो तर फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. एकशे चाळीस माणसं हातात डबे धरून उभी. कुणीतरी म्हणालं, महिनाभरात उघडेल. मग सगळेच तसं म्हणायला लागले, मीही. फाटकासमोर ताडपत्री बांधली आणि पाळीपाळीने बसायला लागलो. डॉक्टरचा मेहुणा आमचा म्होरक्या. त्याचं म्हणणं एकच: मशीनं आत आहेत तोवर कारखाना आहे. ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत.

चौथ्या महिन्यात कळलं, मशीनं लांबच्या एका कारखानदाराने घेतलीत. ती सुटी करून, भागांवर खुणा घालून, तिकडे पुन्हा जोडून द्यायला माणूस हवा होता. असा माणूस गावात एकच.

डॉक्टर लपूनछपून आत गेला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. आदल्या दिवशी तो स्वतः ताडपत्रीखाली आला.

"उद्यापासून मी आत जाणार आहे. मशीनं खोलायला."

मेहुणा उठून उभा राहिला. "भावोजी, चेष्टा करताय का?"

"नाही. मी नाही म्हटलं तर ते कुणालाही आणतील. घणाने तोडून नेतील."

"नेऊ द्या की. भंगार कोण विकत घेतंय?"

"माझ्याने नाही बघवणार ते."

"आणि आमच्याकडे बघवतंय?"

डॉक्टर घराकडे वळला. त्याची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण मुलं कुणाला नव्हती?

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातून आत जाताना आम्ही तोंडं फिरवायला लागलो. मीही फिरवलं. डॉक्टरच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, मात्र हाल झाले. सकाळी नवऱ्याचा डबा भरायच्या आणि दुपारी भावाशेजारी ताडपत्रीखाली येऊन बसायच्या. दोघांपैकी कुणाबद्दलही कुणी वाकडं बोललं की उठून चालायला लागायच्या.

एका संध्याकाळी मेहुणा मला म्हणाला, "चल, एकदा शेवटचं बोलू." आम्ही डॉक्टरच्या घरी गेलो. तो तेलकट हात रॉकेलने पुसत होता.

"खुणा बदला," मेहुणा म्हणाला. "बाकी काही नको. तिकडे एकाला एक जुळायचं नाही. झक मारत परत आणतील."

"परत कशाला आणतील? फेकून देतील."

"मग फेकू देत."

डॉक्टर बोटं पुसतच राहिला. "बटणाचं भोक केसभर सरकलं तरी मला चैन पडायचं नाही. मुद्दाम चुकीचं लिहायला हात उचलणार नाही रे माझा."

"हात नाही उचलणार. पण आमच्या पोटावर द्यायला पाय बरा उचलला."

वहिनी भांडी घासत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू घरी जा." भाऊ गेला. त्या दिवसापासून भिंतीपलीकडची पोरं जेवायला यायची बंद झाली.

ट्रक भरदुपारी निघाले, पोलिसांच्या पहाऱ्यात. आम्हाला रस्त्याच्या कडेला ढकललं होतं. शेवटच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी डॉक्टर बसला होता, नजर समोर. दगड कुणी मारला नाही. मेहुण्याने ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

तिकडे दोन महिन्यांत सगळी मशीनं सुरू झाली. मालकाने डॉक्टरला ठेवून घेतलं. वहिनी सोबत गेल्या नाहीत. पंधरवड्यातून एका रविवारी तो यायचा, कपडे धुऊन घेऊन जायचा. तिथल्या दोघांना त्याने हाताशी धरून सगळं शिकवलं, काही राखून न ठेवता. सव्वा वर्षाने मालक म्हणाला, "आता आमची माणसं तयार झाली." डॉक्टर बॅग घेऊन परत आला.

तोवर मेहुणा बायकापोरांसह गाव सोडून गेला होता. कुठल्याशा बंदरावर माल चढवायचं काम मिळालं होतं. खोलीची किल्ली बहिणीकडे ठेवली होती.

"जाताना माझ्याबद्दल काही म्हणाला?" डॉक्टरने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

आता तो ओट्यावर पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात मी आमचा पंखा घेऊन गेलो. बऱ्याच वेळाने हिय्या करून म्हणालो, "डॉक्टर, तेव्हा मी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"काय बोलला असतास?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता.

वहिनींनी चहा आणून ठेवला.

"सकाळी तिकडून फोन आला होता," डॉक्टर म्हणाला. "चकत्या कापायचं मशीन बंद पडलंय. हिच्या भावाचं."

"मग? बोलावलं का?" मी विचारलं.

"नाही. फोनवरच सांगितलं काय करायचं ते. चालू झालं म्हणे."

वहिनींनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग आमचे दोघांचे कप उचलून आत गेल्या. माझ्या कपात अजून अर्धा चहा होता.