पदवीला न लागणारा विषय

मुलगी शाळेत रुळल्यावर, चाळिशी ओलांडून, मी टोकियोतल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरच्या पदवीसाठी नाव घातलं. आम्ही हिगाशी-कसाईला राहायचो. कॉलेज सांभाळून मी स्टेशनजवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवर काम करायचे.

शेवटच्या वर्षी विषयांच्या यादीत जुन्या जपानी हस्तलिखितांची लिपी वाचायला शिकवणारा वर्ग दिसला. पुण्यात असताना सुट्टीत मी मोडी शिकले होते. हात न उचलता लिहिलेली अक्षरं उलगडायचा नाद तेव्हापासूनचा. मी लगेच अर्ज केला.

कचेरीतली बाई अदबीनं म्हणाली, "तुमचे पदवीचे क्रेडिट पूर्ण होताहेत. मर्यादेबाहेरच्या विषयाला जादा फी पडते. आणि हा विषय तुमच्या पदवीला लागत नाही."

"मला लागतो," मी म्हटलं.

मला जपानी नीट समजलं नसावं असं वाटून तिनं तेच पुन्हा सावकाश सांगितलं. समजलं होतं, म्हणूनच तर चिडले होते. कमी शिकणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, जास्त शिकणाऱ्याला मात्र दंड!

घरी नवरा म्हणाला, "ती अक्षरं आता जपान्यांनाही वाचता येत नाहीत. त्यापेक्षा क्लाउडचं एखादं सर्टिफिकेट कर. नोकरीला उपयोगी पडेल."

"नोकरीसाठी पदवी करतेच आहे. हे माझ्यासाठी."

"आणि पैसे?"

"माझ्या पगारातून."

पुढे काही दिवस आमचं बोलणं भाजी आणि कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा एवढ्यापुरतंच होतं. मी फी भरून टाकली.

वर्गात सगळी विशीतली मुलं. पहिल्या चाचणीत मी सपशेल नापास झाले. घरी सांगितलं नाही. कोन्बिनीतल्या जेवणाच्या सुट्टीत, भाताचा गोळा खात, अक्षरं गिरवत बसायचे. शेवटच्या परीक्षेत जेमतेम पास झाले. सरांनी माझ्या उत्तरपत्रिकेवर काहीही शेरा लिहिला नव्हता. मला तेही चाललं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं इचिकावाला एका जुन्या खानावळीत गेलो. दारावरच्या पाटीकडे बघून मुलगी जपानीत म्हणाली, "आई, हे कसलं अक्षर?"

"सोबा," मी म्हटलं. "इथल्या शेवयांचं नाव, जुन्या वळणात लिहिलंय."

नवऱ्यानं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग? फी वसूल झाली म्हणायची."

"वसूल करायला भरलीच नव्हती."

दुसऱ्या सहामाहीत त्याच लिपीचा पुढचा वर्ग होता. त्याचीही जादा फी भरली. या वेळी घरी विचारलं नाही, नुसतं सांगितलं.